चित्रासारखं फूल, पण कोणत्या चित्रासारखं?

मागे काळं कापड, एकाच खिडकीतून तिरपा येणारा उजेड, भांड्यात गच्च फुलं आणि टेबलावर मुद्दाम पडू दिलेल्या दोन पाकळ्या. अशा फोटोला फोटोग्राफर मंडळी 'पेंटरली', म्हणजे रंगवलेल्या चित्रासारखा, म्हणतात. शटर उघडं ठेवून कॅमेरा हलवायचा आणि फुलांच्या जागी नुसते रंगांचे फराटे उमटू द्यायचे, यालाही 'पेंटरली'च म्हणतात. पहिल्या फोटोत पाकळीवरची शीर न् शीर मोजता येते, दुसऱ्यात फूल कुठलं हेही सांगता येत नाही. ही दोन टोकं एकाच शब्दात मावली, कारण छायाचित्रकारांच्या प्रत्येक पिढीने 'चित्र' म्हणून निराळंच काही डोळ्यांसमोर ठेवलं होतं.

यातलं सगळ्यात जुनं चित्र सतराव्या शतकातल्या नेदरलँड्स आणि फ्लँडर्समधलं (फ्लँडर्स म्हणजे आजच्या बेल्जियमचा भाग). थोरला यान ब्रूगेल, अँब्रोसियस बॉसचार्ट, नंतरच्या पिढ्यांत राखेल राउस आणि यान फान हाउसुम. यांचे पुष्पगुच्छ बघून वाटतं, आत्ता बागेतून आणून ठेवलेत. पण तसा गुच्छ कुणाच्याच घरी नव्हता. ट्यूलिप वसंतात फुलते, गुलाब उन्हाळ्यात. चित्रात दोघं शेजारी. चित्रकार ज्या त्या मोसमात ते ते फूल बघून घ्यायचा आणि कॅनव्हासवर सगळ्यांना एकत्र आणायचा. अँटवर्पमध्ये न मिळणारी फुलं रंगवायला आपण ब्रुसेल्स गाठलं, असं ब्रूगेलने १६०६ साली मिलानच्या कार्डिनल बोरोमेओला पत्रातून कळवलं होतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या फान हाउसुमच्या एका चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन्ही सालं आहेत. कॅमेऱ्याला ही मुभा नाही. समोर जे आहे ते, आणि आत्ता आहे तेच.

तरीही कॅमेरा फुलांकडे वळला, तो कलेच्या ओढीने कमी आणि कापडाच्या धंद्यापायी जास्त. फ्रान्सच्या पूर्व टोकाला अल्सास प्रांतात म्युलूझ नावाचं गाव आहे. छापील सुती कापडाची ती तेव्हा मोठी पेठ. घरात कुणी भरतकाम करत असेल तर दोऱ्याच्या लडीवर 'डीएमसी' ही अक्षरं पाहिली असतील. त्यातला 'डी' म्हणजे म्युलूझचं डॉलफुस घराणं. अडोल्फ ब्राउन (१८१२ ते १८७७) १८४३ पासून याच घराण्यातल्या डॉलफुस-ओसे यांच्या चित्रशाळेत मुख्य नक्षीकार होता. पुढे १८४७ मध्ये त्याने जवळच्या डोर्नाखमध्ये स्वतःची चित्रशाळा काढली. छापील कापडाला फुलांची नक्षी लागते, नक्षीकाराला समोर फूल लागतं, आणि फूल दोन दिवसांत माना टाकतं. फुलाचा फोटो हाताशी असेल तर थंडीतही गुलाब काढता येईल, इतका साधा हिशोब.

या हिशोबातून त्याने १८५३ च्या सुमारास काम सुरू केलं आणि ३०० छायाचित्रांचा सहा खंडांतला संग्रह तयार झाला. १८५५ च्या पॅरिसमधल्या जागतिक प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. ही छायाचित्रं कापडाच्या, भिंतीवरच्या कागदाच्या, चिनी मातीच्या भांड्यांच्या नक्षीकारांसाठी होती, पण लोकांनी ती चित्रं म्हणूनच पाहिली. त्यात त्यांची चूक नव्हती. ब्राउनचा हात नक्षीकाराचा. कुठलं फूल पाठमोरं ठेवायचं, कुठली फांदी चौकटीबाहेर झुकू द्यायची, कुठे पान उलटं करून त्याची शिरांची बाजू दाखवायची, हे त्याला कागदावर रेघ ओढतानाच ठाऊक झालेलं. माझ्या मते फुलांच्या छायाचित्रणातलं सगळ्यात अवघड काम, म्हणजे मांडणी, त्याने सुरुवातीलाच इतकी नीट करून ठेवली की पुढच्यांना उजेडाचीच काय ती भर घालायची उरली.

रंगाचं दुखणं मात्र होतंच, आणि ते केवळ फोटो काळापांढरा असण्याचं नव्हतं. तेव्हा फिल्मऐवजी कोलोडियन नावाच्या रसायनाचा ओला लेप दिलेली काच कॅमेऱ्यात घालत, आणि त्या काचेला फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. पिवळा आणि लाल तिच्या लेखी अंधार. झेंडूचा हार आणि गोकर्णाची फुलं शेजारी ठेवून तेव्हा फोटो काढला असता, तर झेंडू काळाठिक्कर आणि गोकर्ण फिकट, जवळजवळ पांढरी उमटली असती. आज घरबसल्या हे बघता येतं: फुलांचा रंगीत फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये उघडा आणि लाल, हिरवा, निळा यांपैकी फक्त निळा चॅनल ठेवून काळापांढरा करा. एकोणिसाव्या शतकाच्या डोळ्यांनी आपली परडी कशी दिसली असती ते कळेल. म्हणूनच त्या काळच्या फुलांच्या फोटोंत पांढऱ्या आणि फिकट फुलांचं एवढं फावलेलं दिसतं. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेरमान फोगेलने काचेच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली की तिला हिरवा-पिवळाही दिसू लागतो हे शोधलं, तेव्हा कुठे फुलांचे रंग निदान राखाडी छटांमध्ये आपापल्या जागी बसायला लागले.

ब्राउन नंतर आल्प्सच्या दृश्यांकडे आणि मग जुन्या उस्तादांची चित्रं छापण्याकडे वळला. त्याच्या मृत्यूनंतर कंपनीला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या चित्रांची छायाचित्रं काढण्याचा करारही मिळाला. फुलांचे फोटो चित्रांसारखे काढणाऱ्या घराचं पोट शेवटी चित्रांच्याच फोटोंवर चाललं.

शतकाच्या अखेरीस 'चित्र' शब्दाचा अर्थ बदलला. हाताशी येणारे सोपे कॅमेरे आले, कुणीही बटण दाबू लागलं, आणि हौशी पण गंभीर छायाचित्रकारांना आपण यांच्यातले नाही हे दाखवून देण्याची निकड वाटू लागली. त्यांनी आपापले गट काढले: १८९२ मध्ये लंडनला 'लिंक्ड रिंग', १९०२ मध्ये न्यूयॉर्कला छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झची 'फोटो-सेसेशन'. (स्टिग्लिट्झ बर्लिनमध्ये फोगेलच्याच हाताखाली शिकला होता.) यांच्यासमोरचं चित्र डच नव्हतं, धुकट, सौम्य, चित्रकार व्हिसलर आणि उजेडाचे क्षण मोकळ्या फटकाऱ्यांनी टिपणाऱ्या इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या वळणाचं होतं. त्यासाठी मुद्दाम मऊ प्रतिमा देणारी भिंगं आली. छपाईची तऱ्हाही बदलली: डिंकात रंग आणि बायक्रोमेट हे रसायन कालवून कागदावर फासायचं, उजेड लागेल तिथे डिंक घट्ट होतो, उरलेला पाण्याने आणि हवं तर ब्रशने काढून टाकायचा. फ्रान्सच्या रोबेर दमाशीने हे उघडपणे केलं. हाताचा स्पर्श दिसलाच पाहिजे, हा त्या मंडळींचा हट्ट. यातलं पुष्कळ काम आज गुळमट वाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण याच वळणाचा छायाचित्रकार आडोल्फ द मायर याच्या काचेच्या भांड्यातल्या कमळांना गुळमट म्हणवत नाही. १९०६ च्या आसपासचं हे काम स्टिग्लिट्झच्या 'कॅमेरा वर्क' या नियतकालिकात छापलं गेलं. त्यात फुलांइतकंच पाणी आहे, आणि पाण्याइतकाच काचेतून वाकून आलेला उजेड. एडवर्ड स्टायकन तर मुळात चित्रकारच. १९१४ मध्ये, महायुद्ध तोंडावर असताना, फ्रान्समधल्या व्हुलांजीच्या घरी त्याने गच्च उमललेल्या, कोमेजायला लागलेल्या गुलाबांचा फोटो काढला. पुढे त्याने आपली चित्रं जाळून टाकली आणि छायाचित्रणच धरलं. फुलं मात्र सुटली नाहीत. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याने स्वतः संकर करून वाढवलेल्या डेल्फिनियमचं प्रदर्शन झालं. फोटोंचं नव्हे, खऱ्या फुलांचं.

रंगही याच काळात आले. लुमिए बंधूंनी १८९६ च्या ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रं दाखवली, हे आपल्याला पाठ असतं. त्याच बंधूंनी १९०७ मध्ये रंगीत फोटो काढता येणारी 'ऑटोक्रोम' काच बाजारात आणली. बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून काचेवर पसरलेले. उजेडासमोर धरलं की हे ठिपके डोळ्यात मिसळतात आणि रंगीत फूल दिसतं, अगदी झॉर्झ सरा या फ्रेंच चित्रकाराच्या ठिपक्यांच्या चित्रासारखं. इथे चित्रासारखं दिसावं म्हणून कुणी काही केलंच नव्हतं. पिठाच्या कणांनी ते आपोआप केलं. एक्स्पोजरला वेळ फार लागे, म्हणून न हलणारा विषय बरा पडे. फुलदाणी कायम हाताशी.

मग उलटं वारं सुटलं. अमेरिकी छायाचित्रकर्ती इमोजेन कनिंगहॅमचं मॅग्नोलियाचं फूल (१९२५) आणि तिच्या साथीदारांचा १९३२ चा 'ग्रुप एफ-६४' यांना धुकं नको होतं. भिंगाचं तोंड शक्य तितकं बारीक करा आणि सगळं स्पष्ट दिसू द्या. बर्लिनमध्ये कार्ल ब्लॉसफेल्ट हे कधीपासून करत होता. तो कलाशाळेत शिकवायचा आणि झाडांचे कोंब, कळ्या कित्येक पट मोठ्या करून विद्यार्थ्यांना नक्षीसाठी दाखवायचा. त्याचं पुस्तक १९२८ मध्ये निघालं आणि तो एकदम आधुनिक ठरला, पण कामाचा हेतू ब्राउनचाच होता: नक्षीकाराला समोर फूल लागतं.

संगणकाने दोन्ही वाटा पुन्हा उघडल्या. डच चित्रात पुढच्या पाकळीपासून मागच्या पानापर्यंत सगळं स्पष्ट असतं. जवळून फोटो काढताना भिंगाला ते जमत नाही. आता वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले वीस-तीस फोटो जोडले की जमतं. ऋतूंची अडचणही तशीच सुटते: आज शेवंती, चार महिन्यांनी मोगरा, आणि दोघं एका चौकटीत. ब्रूगेलने केलं तेच. वर कॅनव्हासच्या विणीचा एक थर चढवायची फॅशन आहे. मला ती बिलकुल आवडत नाही. उजेड चुकला की कापडाच्या रेषा त्याला वाचवत नाहीत.

याच्या अगदी उलट वाट शेरॉन कोर या अमेरिकी छायाचित्रकर्तीची. जुन्या पुष्पचित्रांसारखे फोटो काढायचे ठरवल्यावर तिच्या लक्षात आलं की हल्लीच्या दुकानातल्या ट्यूलिप आणि गुलाब त्या चित्रांतल्यासारखे दिसतच नाहीत. तीन-चार शतकांत जातीच बदलल्या आहेत. मग तिने जुन्या वाणांचे कंद आणि बिया मिळवल्या, वाफे केले आणि फुलं यायची वाट बघत बसली.