केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी एकत्र चालत नाहीत, हा गैरसमज

‘केमोने प्रतिकारशक्ती खच्ची होते, मग तिच्यावरच विसंबणारी इम्युनोथेरपी सोबत देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे,’ असे अनेक नातेवाईक आजही सांगतात. केमोमुळे पांढऱ्या पेशी काही दिवस घटतात हे खरे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

केमोने मरणाऱ्या कर्कपेशींतून बाहेर पडणाऱ्या प्रथिनांमुळे प्रतिकारपेशींना शत्रूची ओळख पटू शकते, आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध, म्हणजे एक प्रतिपिंड, टी-पेशी या प्रतिकारपेशींवरील पीडी-१ हा ‘ब्रेक’ सोडवते. फुप्फुसाच्या पसरलेल्या ‘नॉन-स्क्वेमस’ प्रकारच्या कर्करोगाच्या, ईजीएफआर वा एएलके जनुकांत बदल नसलेल्या ६१६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका गटाला दर तीन आठवड्यांनी, एकाच दिवशी आधी या प्रतिपिंडाचे सलाईन आणि मग केमो दिली जाई. वर्षभरानंतर या गटातील सुमारे ६९ टक्के रुग्ण हयात होते. नुसत्या केमोच्या गटात ४९ टक्के.

प्रत्येक कर्करोगात ही जोडी लागू पडत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. शिवाय मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती कधी फुप्फुसांवर किंवा आतड्यांवरच उलटते. म्हणून नव्याने दम लागला किंवा जुलाब सुरू झाले, तर ‘केमोचेच असेल’ म्हणून अंगावर न काढता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.