किशोरवयीन नैराश्य : काळ्या चौकटीची पार्श्वभूमी

मुलांना नैराश्य येऊच शकत नाही, असं मनोविश्लेषणाच्या परंपरेतली बरीच मंडळी १९६० च्या दशकापर्यंत मानत. स्वतःलाच दोषी ठरवण्याइतका पराहम् (मनातला बरं-वाईट ठरवणारा भाग) त्या वयात घडलेला नसतो, हा त्यामागचा तर्क. मग ‘मुखवट्याआडचं नैराश्य’, म्हणजे दुसऱ्याच तक्रारींमागे दडलेलं नैराश्य, ही कल्पना आली. शाळा बुडवणं, मारामाऱ्या, पोटदुखी, सगळंच त्यात बसू लागलं आणि त्यामुळेच ती कल्पना फार टिकली नाही.

१९८० मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेनं मोठ्यांचेच निकष मुलांना लावले. १९८७ च्या आवृत्तीत एक छोटी भर पडली: मुलं आणि किशोरांमध्ये उदासीच्या जागी चिडचिडही धरावी. सतत खेकसणारा मुलगा आजारी असू शकतो, हे घरच्यांना आजही चटकन पटत नाही.

खरा गुंता २००४ चा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं नैराश्यावरच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा सक्तीचा केला. आधार होता २४ चाचण्यांचा, सुमारे ४,४०० मुलांचा. ‘आत्महत्येचे विचार किंवा वर्तन’ गोळी घेणाऱ्यांत ४ टक्के आढळलं, तुलनेसाठी औषधाविना नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. एकाही मुलानं आत्महत्या केलेली नव्हती. पण मनात आलेला विचार, केलेली तयारी आणि प्रत्यक्ष प्रयत्न एकाच शब्दाखाली मोजले गेले, आणि लोकांपर्यंत पोचला तो फक्त ‘आत्महत्या’ हा भाग.

इशारा उगाच दिला होता असंही नाही. एका औषधाच्या चाचण्यांत असे प्रसंग ‘भावनिक अस्थिरता’ या गुळगुळीत शिक्क्याखाली नोंदले गेले होते, म्हणून सगळ्या नोंदी बाहेरच्या तज्ज्ञांकडून नव्यानं वर्गीकृत करून घ्याव्या लागल्या. ही लपवाछपवी उघडी पडायलाच हवी होती. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाकडे बारीक लक्ष ठेवा, हा चौकटीतला सल्ला अनेक घरांत ‘गोळी नकोच’ असा वाचला गेला. औषधं लिहून देणं घटलं, निदानही घटलं. समुपदेशनानं ती जागा भरून काढली नाही. पुढे आत्महत्या वाढल्या का, यावर संशोधक अजून भांडतात. २००७ मध्ये इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. उपचाराविना राहिलेला आजारही धोक्याचा असतो, हे तेव्हा कुठे नीट अधोरेखित झालं.

गंमत म्हणजे २००४ मध्येच ४३९ किशोरांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. १२ आठवड्यांनी सुधारणा दिसली ती फ्लुओक्सेटीन ही नैराश्यावरची गोळी आणि विचार-वर्तन उपचार (विचार व वागणं बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) एकत्र घेणाऱ्या ७१ टक्क्यांत, नुसत्या गोळीवर ६१, नुसत्या बोलण्याच्या उपचारावर ४३, साखरेच्या गोळीवर ३५. चौकटीच्या गदारोळात या आकड्यांकडे पालकांचं लक्ष जाणं अवघडच होतं.

अलीकडे नैराश्य आधीच रोखण्यासाठी भर शाळांवर आहे. सगळ्या वर्गाला सजगतेचे (माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचे) धडे देऊन पाहण्याच्या ब्रिटनमधल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल २०२२ मध्ये आला: नेहमीच्या शिकवणीपेक्षा फरक नाही. त्यामानानं २००५ चा एक साधा प्रयोग मागे पडला. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांपैकी काहींना आत्महत्येबद्दल थेट विचारलं, काहींना नाही. विचारल्यानं कुणाची अस्वस्थता वाढली नाही, आणि आधीच खचलेल्या मुलांची तर थोडी कमीच दिसली.