पतंगाचा लाल रंग आणि एका देशाचे नाव

केरळातल्या खाणावळीत पानावर भात येण्याआधी फिकट गुलाबी, कोमट पाणी समोर येते. आपल्याकडचे बरेच जण ते रक्तचंदनाचे समजतात. ते पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचे असते, आणि हा घोळ आधी सुटायला हवा. रक्तचंदनातला लाल रंग पाण्यात जवळजवळ उतरत नाही, म्हणून तर ते सहाणेवर उगाळून लेप लावतात. पतंगाची ढलपी मात्र गरम पाण्यात टाकली की लगेच लाल धागे सुटू लागतात. त्यात लिंबू पिळले तर पाणी पिवळे पडते, चिमूटभर सोडा टाकला तर गर्द किरमिजी होते.

पतंगाचा ताजा गाभा फिकटच असतो. हवा लागली की तो लाल चढतो. कापड तुरटीत भिजवून रंगवले तर लाल, लोखंडाच्या पाण्याने जांभळट. मंजिष्ठेइतका हा रंग पक्का नाही, उन्हात विटतो.

मध्ययुगात आशियातले हे लाकूड युरोपात जाई आणि तिथे त्याला ‘ब्राझील’ म्हणत, बहुधा निखाऱ्यासारख्या रंगामुळे. म्हणजे नाव आधी आपल्या पतंगाचे. 1500 साली पोर्तुगीज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले, तिथे त्याच गुणाचे झाड सापडले आणि नाव त्याला चिकटले. भूमीला त्यांनी क्रूसाचे नाव दिले होते. ते मागे पडून लाकडाचे रूढ झाले, याची एका पोर्तुगीज बखरकाराने कडवट तक्रार करून ठेवली आहे. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका काल्पनिक बेटावरून हे नाव आले, असेही काही जण मानतात. ही तक्रार वाचल्यावर मला लाकडाचाच दावा भक्कम वाटतो. वनस्पतिशास्त्रानेही ही दोन झाडे 2016 पर्यंत एकाच प्रजातीगटात ठेवली होती.

पुढे ब्राझीलमध्ये स्थानिक आदिवासींकडून कुऱ्हाडी-सुऱ्यांच्या बदल्यात तिथल्या झाडाचे ओंडके तोडून घेतले गेले. ॲमस्टरडॅमच्या तुरुंगात कैद्यांना ते कानशीने किसून भुसा पाडावा लागे. 1856 नंतर कृत्रिम रंग आले आणि ही मागणी ओसरली, पण जंगल वाचले नाही. व्हायोलिनच्या गजासाठी हेच लाकूड सर्वोत्तम ठरले होते.

2007 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापार कराराखाली नियंत्रण आहे. 2022 मध्ये ब्राझीलने झाड या कराराच्या सर्वांत कडक यादीत टाकण्याची मागणी केली. वादकांनी आणि गज बनवणाऱ्यांनी विरोध केला. शेवटी झाड जुन्याच यादीत राहिले, फक्त अटी घट्ट झाल्या. ज्या किनारपट्टीच्या जंगलाचा थोडाच भाग उरला आहे, तिथे ही तडजोड मला अपुरी वाटते.