रेवाल चालीचं छोटं घोडं

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतून गेल्या मोसमात एक वरात निघाली. घोडी उंच, पांढरी, तुरे लावलेली. वरात सुरू व्हायला वेळ होता, म्हणून घोडेवाल्या काकांनी तिला गेटपासून वळणापर्यंत एक फेरी मारली आणि अभिमानानं म्हणाले, "ताई, रेवाल चाल आहे. पाण्याचा भरलेला पेला हातात धरून बसा, थेंब सांडणार नाही." माझी सहा वर्षांची भाची माझं बोट धरून वर बघत होती. तिनं विचारलं, "मावशी, अशीच, पण माझ्याएवढी घोडी नसते का?"

काका हसले. मी मात्र त्या प्रश्नात अडकले. अशी चाल आणि एवढी उंची, दोन्ही एका जनावरात आणता येईल?

आधी चालीचं बघू. घोडा दुडक्या चालीनं पळतो तेव्हा पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकत्र पडतात, मग दुसरी तिरकी जोडी पडते. दोन जोड्यांच्या मधे क्षणभर चारही पाय हवेत असतात, आणि खाली येताना बसणाऱ्याच्या कमरेला हिसका बसतो. माथेरानला दस्तुरी नाक्यावरून घोड्यावर गेलेल्यांना तो पुरता माहीत असतो. रेवालसारख्या चालींत पाय सुटे सुटे पडतात, टाप एकसारखी वाजत राहते आणि पाठ जवळजवळ स्थिर राहते. मारवाडी आणि काठियावाडी घोडे या चालीसाठी नावाजलेले आहेत. आइसलँडच्या घोड्यांची अशीच एक चाल आहे, तिला टोल्ट म्हणतात. टोल्टमध्ये एक तरी पाय कायम जमिनीवर असतो. काही आइसलँडी घोड्यांना याशिवाय पाचवी चालही येते. तिला पेस म्हणतात, तिच्यात एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र पडतात.

शिकवून चाल सुधारते, पण मुळात ती रक्तात लागते, हे घोडेवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. २०१२ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या लेइफ अँडरसन यांच्या गटानं त्यामागचं जनुक शोधलं. त्यांनी चार चालींचे (म्हणजे पेस न येणारे) आणि पाच चालींचे आइसलँडी घोडे घेऊन त्यांचे जनुकसंच ताडून पाहिले. फरक सापडला तो तेविसाव्या गुणसूत्रावरच्या डीएमआरटी-३ या जनुकात. डीएनएतलं एकच अक्षर बदललेलं, पण त्या बदलामुळे प्रथिन अर्धवटच तयार होतं. हे जनुक मज्जारज्जूतल्या ज्या चेतापेशींत काम करतं, त्या डाव्या-उजव्या आणि पुढच्या-मागच्या पायांचा मेळ राखतात. तो मेळ थोडा सैल झाला की पायांना नव्या क्रमानं पडण्याची मोकळीक मिळते. पाच चालींच्या घोड्यांत या बदलाच्या दोन प्रती होत्या, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. पुढे जगभरच्या अनेक जातींत तो सापडला. इंग्लंडमधल्या यॉर्क इथे मिळालेल्या नवव्या शतकातल्या घोड्यांच्या हाडांतही तो होता. मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं. बैठकीतला सगळा आराम एका अक्षरावर उभा आहे.

उंचीचं गणित इतकं सरळ नाही. माणसाच्या उंचीवर हजारो जनुकीय बदलांचा परिणाम होतो. घोड्यांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जाती घडवल्यामुळे चित्र बरंच आटोपशीर आहे. २०१२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जातीजातींमधल्या आकाराच्या फरकापैकी ८३ टक्के फरक जनुकसंचातल्या केवळ चार जागांवरून समजावता येतो. त्यातली एक जागा सहाव्या गुणसूत्रावर, एचएमजीए-२ या जनुकाजवळ आहे. या जनुकातला एक बदल स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरच्या बुटक्या तट्टूंमध्ये फार आढळतो. त्याची एक प्रत असली तर उंची सुमारे साडेनऊ सेंटिमीटरनं कमी होते, आणि दोन असल्या तर त्याच्या दुप्पट.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की एक जनुक तेविसाव्या गुणसूत्रावर आहे आणि दुसरं सहाव्या, त्यामुळे दोन्ही गुण एकमेकांना बांधलेले नाहीत. रेवाल चालीचा उंच घोडा आणि शेटलंड घोडी यांची जोडी लावली, तर पहिल्या पिढीतल्या प्रत्येक शिंगराला चालीची एक आणि ठेंगणेपणाची एक प्रत मिळेल. (घोड्याकडे चालीच्या दोन्ही प्रती आहेत आणि घोडीकडे ठेंगणेपणाच्या, असं धरलंय.) ही शिंगरं मोठी झाल्यावर त्यांची आपसांत जोडी लावायची, पण ती वेगवेगळ्या आईबापांची हवीत. चालीच्या दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारात एक, ठेंगणेपणाच्या दोन्ही प्रती मिळण्याचीही चारात एक. दोन्ही एकत्र मिळण्याची शक्यता सोळात एक. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते आणि बहुधा एकच शिंगरू देते. सोळात एक म्हणजे किती वर्षांचा दाणा-चारा, हे तबेला चालवणाराच जाणे. पूर्वी शिंगरू वाढून पाठीवर बसेपर्यंत हाती काय लागलं ते कळत नसे. आता शेपटीचे मुळांसकट उपटलेले काही केस प्रयोगशाळेत दिले की पुरतं.

जोडी लावताना मी घोडी शेटलंड धरली आणि घोडा उंच. उलट का नाही? तट्टू नर आणि उंच घोडी घेतली तरी जनुकं तितकीच मिळतील. याचं उत्तर १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांच्या प्रयोगातून मिळालं. त्यांनी कृत्रिम रेतन करून शायर जातीचे अवाढव्य घोडे आणि चिमुकली शेटलंड तट्टं यांचा संकर दोन्ही बाजूंनी केला. शायर आईच्या पोटी जन्मलेलं शिंगरू शेटलंड आईच्या पोटी जन्मलेल्या शिंगराच्या जवळजवळ तिप्पट वजनाचं भरलं. जनुकांची सरमिसळ सारखीच, पण गर्भाशय वेगळं. छोट्या आईनं गर्भाला आपल्याला पेलेल इतकंच वाढू दिलं, आणि तो फरक शिंगरं मोठी झाल्यावरही पुरता मिटला नाही. बाजारात लोक आधी नराचा भाव विचारतात, त्याच्या बापाचं नाव विचारतात. छोटं घोडं हवं असेल तर आधी आई बघा, असं मी म्हणेन.

शेटलंडच हवं असंही नाही. अमेरिकेत अशाच सुखद चालीचा टेनेसी वॉकिंग हॉर्स आणि वेल्श पोनी हे छोटं तट्टू यांच्या संकरातून १९६८ च्या सुमारास वॉकिंग पोनी घडवली गेली. आपल्याकडे भीमथडी आहे. बंदरांवर उतरलेले अरबी घोडे आणि दख्खनची काटक तट्टं यांच्या संकरातून ती घडली. माझ्या घराजवळच्या रस्त्याला घोडबंदर हे नाव अशाच व्यापारावरून पडल्याचं सांगतात. तट्टाच्या उंचीची, कमी चाऱ्यावर भागवणारी आणि डोंगर चढणारी ही जात आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. रेवाल चालीच्या नरासाठी भीमथडी घोडी, ही जोडी मला सगळ्यांत मोहात पाडते.

एका गोष्टीची मात्र मला खरी काळजी वाटते. लहान म्हणजे खुजं नव्हे. मिनिएचर, म्हणजे मुद्दाम अगदी चिमुकल्या घडवलेल्या घोड्यांत एकॅन नावाच्या जनुकातले काही दोष फिरत असतात. एक प्रत असलेलं जनावर निरोगी दिसतं, पण दोष दोन्हीकडून आला तर शिंगरू वाकड्या पायांचं, बिघडलेल्या जबड्याचं जन्मतं किंवा पोटातच जातं. दर पिढीला सगळ्यांत बुटकं तेवढं निवडत गेलं आणि जवळच्या नात्यात जोड्या लावल्या, की असे दोष हमखास वर येतात. म्हणून केसांच्या तपासणीत चालीबरोबर हेही बघायला हवं.

भाचीला मी हिशेब करून सांगितला. आज जोडी लावली तर अकरा महिन्यांनी पहिली पिढी, ती वयात यायला तीन वर्षं, मग पुन्हा अकरा महिने. दुसऱ्या पिढीच्या पाठीवर खोगीर चढवायचं ते शिंगरू चार वर्षांचं झाल्यावर. तोवर ती पंधरा वर्षांची होईल. घोड्यानं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं वाहू नये, असा साधारण दंडक आहे. दोनशे किलोच्या शेटलंडएवढ्या जनावरावर खोगिरासकट चाळीस किलो झाले की थांबायचं. म्हणजे आज तिच्याएवढी घोडी घडवायला घेतली, तर ती तयार होईल तेव्हा भाचीच तिला जड झालेली असेल. तिच्यासाठी तीनशे किलोंच्या आसपासचं, आइसलँडी घोड्यासारखं ५२ ते ५६ इंची जनावर हवं. ५८ इंचांपर्यंतच्या घोड्याला पोनीच म्हणतात, हे ऐकल्यावर तिची समजूत पटली.