दारू सुटतानाचा भ्रम आणि मानसिक आजारातले भास

रोज पिणाऱ्याचा पाय मोडतो. ऑपरेशन नीट होतं, आणि तिसऱ्या रात्री तो वॉर्डात सलाइन उपटून उठतो. चादरीवरच्या, कुणालाच न दिसणाऱ्या मुंग्या वेचतो, बायकोला ओळखत नाही. नातेवाईक म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. कुणी म्हणतं, बाहेरचं आहे. खरं तर दाखल झाल्यापासून त्याला दारू मिळालेली नाही, एवढंच घडलेलं असतं. घरात कोंडून ‘सोडवलेल्या’ माणसाचंही हेच होतं.

वर्षानुवर्षांच्या दारूला सरावलेला मेंदू ती एकदम तुटली की बेफाम होतो. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना हा भ्रम गाठतो: दरदरून घाम, ताप, नाडी जोरात, वार-तारीख-जागा कशाचंच भान नाही. भास बहुतेक डोळ्यांना दिसणारे, म्हणजे किडे, उंदीर, साप. तासाभरापूर्वी बरा बोलणारा आता बरळतो, आणि रात्री जास्तच.

स्किझोफ्रेनियासारख्या आजाराची चाल वेगळी. तो सहसा आठवडे-महिने वाढत आलेला असतो. बहुतेकदा आवाज ऐकू येतात, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटतं. पण आज कोणता वार, आपण कुठे आहोत, हे तो माणूस बहुधा बरोबर सांगतो. ताप, थरथर नसते. अर्थात आवाज ‘जीव दे’ म्हणत असतील तर तीही इमर्जन्सीच.

गोंधळ महागात पडतो तो पहिल्या प्रकारात. उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो, म्हणून मानसोपचाराची ओपीडी उघडायची वाट पाहू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. कॅज्युअल्टीत लोराझेपाम किंवा डायझेपामच्या गटातलं औषध आणि बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. त्याऐवजी नुसतं ‘वेड्याला शांत करणारं’, म्हणजे मानसिक आजारातल्या भासांवरचं (अँटिसायकॉटिक) इंजेक्शन दिलं तर फिटचा धोका वाढू शकतो.

दारूचं नाव घेतलं तर अब्रू जाईल, या भीतीने घरचे गप्प राहतात. हे मला सगळ्यात घातक वाटतं. शेवटची कधी घेतली, रोज किती, आधी कधी फिट आली होती का, हे आपणहून सांगावं. ऑपरेशनच्या आधी सांगितलं तर अधिक चांगलं, कारण तिसरी रात्र येण्याआधीच औषध सुरू करता येतं.

‘हा दारूचा मामला, मानसिक आजार नव्हे’ असं म्हणून कुणी टाळलं, तर लक्षात ठेवा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत दारू आणि नशेमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात. आणीबाणीत कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत उपचार करता येतात. आवाज ऐकू येणाऱ्याच्या घरच्यांना दिवसरात्र बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मुंग्या वेचणाऱ्यासाठी मात्र फोनवर वेळ घालवू नये.