स्पीकरचा संरोध व अँप्लिफायरशी जुळणी

घरगुती स्टीरिओ अँप्लिफायरला जोडलेल्या स्पीकरांचा एकूण संरोध, म्हणजे इंपिडन्स (बदलत्या विद्युत्प्रवाहाला होणारा विरोध), अँप्लिफायरला झेपेल इतका राखण्याची रीत. एकक ओहम. घरगुती स्पीकर बहुधा ४, ६ किंवा ८ ओहमचे असतात. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या निर्वात नळीच्या) काळातले १६ ओहमचेही आढळतात.

‘जुळणी’ची कल्पना मोरित्झ याकोबी यांच्या १८४० च्या सुमाराच्या शक्तिसंक्रमण-नियमाशी जोडण्याचा प्रघात आहे. उगमाचा (येथे अँप्लिफायरचा) व भाराचा (स्पीकरचा) रोध सारखा असला की भाराला जास्तीत जास्त शक्ती मिळते, असा तो नियम. मात्र त्या स्थितीत तितकीच शक्ती उगमात उष्णतारूपाने जाते, हे सांगायचे अनेकदा राहून जाते. संरोध ही संज्ञा ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये रूढ केली. स्पीकरपुरते पाहता जुळणीचे मूळ टेलिफोनच्या तारा व व्हॉल्व्ह-अँप्लिफायर यांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार लागतो, म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालून त्याला ४, ८ व १६ ओहमची टोके काढली जात. तेथे जुळणी अक्षरशः खरी होती. असा संच स्पीकर न जोडता मोठ्या आवाजात चालवल्यास ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

ट्रान्झिस्टर-अँप्लिफायरचा स्वतःचा संरोध बहुधा ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो. त्याला ‘सारखा’ स्पीकर शोधण्यात अर्थ नाही. भार निर्मात्याने दिलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नये, एवढेच पाहायचे. २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर २.५ अँपिअर घेतो (५० वॅट), ४ ओहमचा ५ अँपिअर (१०० वॅट) आणि २ ओहमचा भार १० अँपिअर मागतो. इतका प्रवाह घरगुती संचाच्या वीजपुरवठ्याला सहसा पेलत नाही; फ्यूज जातो किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर. १६ ओहमचा स्पीकर मात्र बिनधोक चालतो, आवाज थोडा कमी मिळतो इतकेच. सांगलीकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास असताना धुळीसाठी अँप्लिफायरवर कापड घालणे कमी भाराइतकेच घातक.

स्पीकरवर छापलेला आकडा नाममात्र असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान संरोध त्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमसाठी ६.४. मल्टिमीटर एकदिश रोध दाखवतो, म्हणून ८ ओहमचा स्पीकर ६-७ दाखवील. तो बिघाड नव्हे. अनुनादाच्या कंप्रतेला, म्हणजे ज्या स्वराला स्पीकरचा पडदा आपसूक सर्वाधिक हलतो तेथे, संरोध कित्येक पट चढतो. मिरजेच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण ७० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे अनेक लहान पेट्यांच्या अनुनादाजवळ पडतो. त्यामुळे स्वतःचा (आउटपुट) संरोध जास्त असलेल्या व्हॉल्व्ह-संचावर तो फुगलेला ऐकू येतो. काही श्रोत्यांना ही ऊब वाटते. मूळ वाद्याशी इमान राखायचे तर तो दोषच.

साताऱ्यातील जुन्या वाड्यात सोपा व माडी अशा दोन्हीकडे एकाच चॅनेलवरून स्पीकर नेताना ८ ओहमचे दोन समांतर जोडल्यास ४ ओहम होतात, एकसर जोडल्यास १६. ४ ओहमचे दोन समांतर जोडू नयेत. ब्रिज जोडणीत (दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवतात तेव्हा) प्रत्येक अर्ध्या अँप्लिफायरला निम्माच भार दिसतो, म्हणून किमान आकडा दुप्पट धरावा. १० मीटर अंतराला दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा जाता-येता रोध सुमारे पाव ओहम होतो. ८ ओहमला तेवढा चालतो.

गणेशोत्सवातील १०० व्होल्ट लाइनचे (लांब तारांवरून चढ्या व्होल्टेजने चालणारे, ट्रान्सफॉर्मर लावलेले) भोंगे वेगळ्या पद्धतीचे. १० वॅटच्या टोकाला असा भोंगा १,००० ओहमचा भार ठरतो, म्हणून घरच्या अँप्लिफायरवर तो जेमतेम कुजबुजतो. उलट घरचा स्पीकर १०० व्होल्टच्या टोकाला जोडल्यास त्याची व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) जळते.