जुन्या गाडीच्या ईसीयूला स्कॅनर जोडणे

इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाशी, म्हणजे ईसीयूशी, स्कॅनरचा संपर्क साधून त्यात साठलेले फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडांचे सांकेतिक क्रमांक, वाचणे. नव्या गाडीत हे मिनिटभराचे काम आहे. जुन्या गाडीत सॉकेटचा आकार, सिग्नलची तार आणि संदेशांची भाषा या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे सर्व कंपन्यांना सारखेच १६ पिनांचे सॉकेट आणि ठरावीक भाषा लावणारे मानक, सक्तीचे झाले, युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१ पासून लागले. त्याआधी ज्या त्या कंपनीचे सॉकेट निराळे: जनरल मोटर्सचे १२ पिनांचे, बीएमडब्ल्यूचे बॉनेटखाली २० पिनांचे गोल. त्यांना अडॅप्टर मिळतो, पण तो नुसत्या तारा जुळवतो. भाषा स्कॅनरलाच यावी लागते. १६ पिनांचे सॉकेट दिसले म्हणूनही निर्धास्त राहू नये. १९९४-९५ च्या काही गाड्यांत सॉकेट नवे आणि भाषा जुनीच आहे.

म्हणून आधी टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये डोकवावे. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट असतो, ४ आणि ५ वर अर्थिंग. स्कॅनर पेटतच नसेल तर फ्यूज तपासावा. पुष्कळ गाड्यांत तो सिगारेट लायटरचाच असतो. ७ नंबरला पिन असेल तर बहुधा के-लाइन, म्हणजे जुन्या ईसीयूंची संदेशांची एकेरी तार. ६ आणि १४ ही कॅनची, म्हणजे नव्या गाड्यांतल्या दोन तारांच्या संदेशवहनाची, जोडी, ती जुन्या गाडीत सहसा रिकामी असते.

के-लाइनवरच्या बऱ्याच ईसीयूंना आधी जागे करावे लागते. स्कॅनर सेकंदाला ५ बिट इतक्या संथ गतीने एक पत्ता पाठवतो. त्यातच २ सेकंद जातात. ईसीयूने ओळख दिली की पुढचे बोलणे १०,४०० बिटांच्या वेगाने चालते. या वेळेत जरा चूक झाली तरी तो गप्प बसतो. स्वस्त नकली चिपचे काही अडॅप्टर इथेच अडकतात आणि दोष मात्र गाडीच्या माथी येतो. इग्निशन बंद करून, थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

स्कॅनर नसतानाही काही जुन्या गाड्या बोलतात. जनरल मोटर्सच्या १२ पिनी सॉकेटमध्ये ए आणि बी पिना तारेने जोडून, इंजिन सुरू न करता चावी फिरवली की चेक इंजिनचा दिवा एकदा लुकलुकतो, थांबतो, मग दोनदा. हा कोड १२. इंजिन फिरत नसल्याने डिस्ट्रिब्युटरकडून (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाकडून) स्पंदने येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तो तीनदा दिसला की स्वतःची तपासणी करणारा ईसीयूचा भाग शाबूत आहे असे समजावे आणि पुढचे लुकलुकणे कागदावर उतरवून घ्यावे.